मेलेल्या कुत्र्याचं आजारपण

कुत्रं मेलं, त्यानंतरही कितीतरी रविवार मी ते आजारी ठेवलं.

रविवार अशासाठी, की पोराचा फोन रविवारी यायचा. मला जाता येईल असा फोन गावात तेव्हा एकच, किराणा दुकानातला. नागपूरहून फोन आला की दुकानदार ओट्यावर उभा राहून हाक मारायचा, "मास्तरीनबाई, नागपूर आलं!" जसं काही नागपूर एसटीतून उतरून त्याच्या बाकावर येऊन बसलंय. मी चुलीवरचं खाली उतरवून निघायचे. सुरुवातीला भराभर जायचे. त्या वर्षी मात्र आधी गुडघ्यांना विचारावं लागे, आणि ते हो म्हणेपर्यंत पोर तिकडं ताटकळत राही.

आमचे मास्तर गेल्यापासून पोराचं एकच पालुपद होतं. आई, नागपूरला ये. एकटी जंगलाच्या तोंडाशी काय करून राह्यली? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. घरामागं धानाच्या बांध्या, बांध्यांमागं तळं, तळ्याच्या पाळीपलीकडं, त्या मातीच्या बांधापलीकडं, जंगल, आणि घरात साठीला टेकलेली बाई. माझ्याकडं उत्तरही एकच होतं. घरात मुकं जनावर आहे, ते कोणाच्या दारात टाकू? पोराच्या बिल्डिंगमध्ये कुत्रं चालत नव्हतं. आणि पोर स्वतः कुत्र्यांत वाढलेलं, त्यामुळं यावर त्याला बोलता येत नसे. मी नातीचं विचारी, आणि विषय पुढच्या रविवारावर जाई.

मग दसऱ्याच्या आधी कुत्रं मेलं. माझं उत्तरच मेलं.

त्या रविवारी पोर म्हणाला, "आई, दिवाळीले गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेव. कुत्र्याचं पाहू काहीतरी. माझ्या एका मित्राचं शेत आहे, तिथं ठेवू."

मी सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि तोंडातून निघालं, "त्याले बरं नाही ना रे."

"काय झालं?"

"खात नाही काही. नुसतं पडून राह्यते."

यात तसं खोटं काहीच नव्हतं. ते पडूनच होतं, तळ्याच्या पाळीवर, मातीखाली.

दुकानदार तागडीत तुरीची डाळ ओतत होता. त्याचा हात थांबला. ते कुत्रं पोत्यात घालून आम्ही त्याच्याच दुकानासमोरून नेलं होतं, आणि त्यानं ओट्यावरून उतरून हातही जोडले होते. त्यानं माझ्याकडं पाहिलं, डाळीकडं पाहिलं, आणि रेडिओचा आवाज वाढवला. गावात राहायचं ते अशा माणसांसाठी.

आता कोणाला वाटेल, ही बाई जन्मापासून कुत्र्यांवर जीव टाकणारी असेल. तर माझं तरुणपण ऐका. तरुणपण म्हणजे चाळिशी, पण माझ्या अकलेला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं.

मास्तरांची बदली या गावात झाली तो नव्वद सालाचा सुमार. मी वर्ध्याकडची. उंच टाचांच्या चपला, इस्त्रीची साडी आणि पदराला पिना लावून मी एसटीतून उतरले. गावची चार कुत्री हुंगायला आली आणि मी उलट्या पावली परत एसटीत चढले. कंडक्टर म्हणाला, "बाई, पुढं नुसतं जंगल हाये." मी म्हटलं, "असू द्या." मास्तर खाली दोन ट्रंका आणि एक पोरगं घेऊन उभे. सगळा गाव ओट्यांवर बसून पाहत होता. नव्या मास्तरला बायको सोडून चालली, तीही कुत्र्यापायी, हे त्यांना फार आवडलं. पुढं कितीतरी वर्षं लग्नकार्यात मी दिसले की कोणी तरी म्हणेच, "बाई, यष्टी थांबवू काय?"

मला खाली उतरवलं ते शेजारणीनं. ती धीवराची. तिच्या घरचे तळ्यात जाळी टाकत. तिनं एका शब्दात कुत्री हाकलली, माझा हात धरला आणि चपलांकडं पाहत म्हणाली, "अवो, कुत्र्याले इतकं भेता, तं बिबट्यापुढं काय कराल?"

मला वाटलं, थट्टा करतेय. त्याच संध्याकाळी कळलं की नाही. दिवेलागणीला गल्लीतल्या सगळ्या बाया आपापल्या दारात आल्या आणि यूऽऽ यूऽऽ असं ओरडू लागल्या. मला वाटलं, कुठं आग लागली. तर कुठून कुठून कुत्री धावत आली, ज्याची त्याच्या घरात शिरली, आणि गल्लीभर कड्या लागल्या. बिबट गावात येतो तो माणसासाठी नाही, कुत्र्यासाठी. म्हणून आमच्याकडं कुत्रं दार राखत नाही, दारच कुत्र्याला राखतं.

आणखी एक रीत. कुत्र्याला नाव ठेवायचं नाही. शेजारीण म्हणे, "नाव ठेवू नोका, बाई. तुमी रोज त्या नावानं हाका माराल अन् थो पाळीमागं बसून आयकल. मंग थो शिकते." ‘थो’ म्हणजे कोण ते दिवेलागणीला कोणी उच्चारत नाही. सगळ्यांची हाक एकच, यूऽऽ. ज्याचं कुत्रं त्याचा आवाज ओळखतं.

मला हे अडाणीपणाचं वाटलं. मी मॅट्रिक होते ना.

पहिलं पिल्लू मला मार्कंड्याच्या जत्रेत मिळालं. मिळालं काय, माझ्या पिशवीत शिरलं. नदीच्या वाळूत पाल टाकून आम्ही जेवायला बसलो होतो. उठताना पिशवी जड लागली. आत पाहते तर उरलेल्या पुऱ्यांवर एक पांढरं पिल्लू झोपलेलं, अंगभर गोचिडं. मी किंचाळले. मास्तर म्हणाले, "टाक खाली." मी टाकणारच होते. पण जत्रेत बैलगाड्या फिरत होत्या, आणि त्यानं डोळे उघडून पुरीचा तुकडा गिळला आणि परत मिटले. एवढ्या गर्दीत कोणाला इतकी गाढ झोप लागलेली मी पाहिली नव्हती. मी पिशवी तशीच काखेला लावली आणि घरी येईपर्यंत पायावर पाय घासत राहिले, गोचिडं आपल्या अंगावर आली असं वाटून.

त्याला मी नाव ठेवलं. कोणतं ते सांगत नाही, या वयात लाज वाटते. भाड्यानं आणलेल्या एका कादंबरीतल्या नायिकेचं होतं. रोज दिवेलागणीला सगळ्या बाया यू यू करत आणि मी गळा काढून त्या नायिकेला बोलवी. गल्ली हसून लोळे. माझी पांढरी कुत्री मात्र यायची, शेपटी हलवत, जसं काही पडदा उघडलाय.

दुसऱ्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत एका संध्याकाळी ती आली नाही. मी हाका मारल्या. कड्या लागल्या, गल्ली सामसूम झाली, मी हाका मारतच राहिले. शेवटी शेजारीण कंदील घेऊन आली आणि मला दंडाला धरून आत नेलं. "पुरे," म्हणाली. सकाळी पाळीच्या कडेला थोडं पांढरं सापडलं. शेजारणीनं ‘सांगितलं होतं ना’ असं एकदाही म्हटलं नाही. तिनं नुसती माझ्या घरची चूल पेटवून दिली. ती बोलली असती तर बरं झालं असतं, मी तिच्याशी भांडले असते, तेवढाच जीव हलका.

बिबट नावं शिकतो असं मला आजही वाटत नाही. पण त्यानंतर माझ्या घरच्या एकाही कुत्र्याला नाव नव्हतं.

याचा फायदा असा, की पुढं वर्षानुवर्षं घरात नुसतं ‘कुत्रं’ असायचं. एक गेलं, दुसरं आलं, कधी दोन एकदम. तरी आम्ही म्हणायचो, कुत्रं जेवलं का, कुत्रं भिजलं, कुत्रं कुठी आहे. रविवारच्या फोनवर मला हे फार कामी आलं. मी नुसतं ‘कुत्रं’ म्हणायचे. कोणतं, ते पोरानं विचारायचं कारण नव्हतं.

पण आजारपणाला दर रविवारी नवीन काहीतरी लागतं. माणूस आजारी पाडणं सोपं, बीपी आहे, साखर आहे. कुत्र्याला काय लावावं? मग मी जुन्या कुत्र्यांची दुखणी काढली.

दुसऱ्या रविवारी मी एटापल्लीवाल्याचं पोट बिघडवलं.

ते लाल कुत्रं मास्तरांच्या मागं आलेलं. निवडणुकीच्या ड्यूटीला मतपेट्या घेऊन मास्तर एटापल्लीच्याही आत कुठंतरी गेले होते. ज्या शाळेत मुक्काम, तिथं हे कुत्रं तोंडभर साळिंदराचे काटे घेऊन विव्हळत पडलेलं. मास्तरांनी जीपच्या ड्रायव्हरची पकड मागितली आणि एकेक काटा उपटला. मास्तर तसे भित्रे, घरी इंजेक्शन पाहूनही त्यांना घेरी यायची. पण कोणी पाहणारं नसलं की ते धीट होत. ज्या घरचं कुत्रं होतं त्यांनी जेवू घातलं, आणि मास्तरांना निघताना कळलं की आपण जीपमध्ये एकटे नाही. घरमालक म्हणे हसला आणि म्हणाला, घेऊन जा, ते आता आमचं कुठं राहिलं.

त्याला गोंडीच कळायची. आमची हाक त्याच्या कानात शिरेना. मास्तर तिथून एक शब्द शिकून आले होते, ‘वा’, म्हणजे ये. तो बरोबर लागू पडायचा. फक्त जेवताना भाजी चांगली झाली आणि मास्तर ‘वा वा’ म्हणाले की कुत्रं ताटात. शेवटी मास्तरांनी माझ्या हातचं कौतुक करणं सोडलं. आजही मला संशय आहे, की त्यांना निमित्तच हवं होतं.

ते दारूडं होतं. कुठंतरी मोहाची काढली की मागं राहिलेला चोथा खाऊन यायचं आणि अंगणात चारही पाय चार दिशांना करून पडायचं. दिवेलागणीला मी हाका मारून थके, ते एक डोळा उघडून पाही आणि मिटे. मग मी त्याचे पुढचे पाय धरून ओढत आत नेई. ओल्या धानाचं पोतं बरं. वरून घोरे. एका पावसाळ्यात त्याला जुलाब लागले आणि त्यातच ते गेलं. मास्तरांनी सब्बल घेऊन पाळीवर खड्डा केला, आणि त्या दिवशी जेवताना भाजी बेचव असूनही दोनदा ‘वा’ म्हणाले. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

तर ते जुलाब मी फोनवर वापरले. पोर म्हणाला, "ताकभात दे." मी म्हटलं, "देते." दुकानदारानं रेडिओ वाढवला.

तिसऱ्या खेपेला फोन सुरू असताना दुकानामागं एक बाजारचं कुत्रं भुंकलं. "आलं वाटते तुझ्या मागं," पोर म्हणाला. मी म्हटलं, "हो ना, सोडतच नाही मले." दुकानदार खोकत खोकत बाहेर गेला.

पण फोन ठेवून निघताना ते बाजारचं कुत्रं दिसलं. मी दुकानाच्या पायरीवर बसले. माझ्या कुत्र्याचं खरं मरण मी पोराला सांगितलंच नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय. हे शेवटचं कुत्रं शेजारणीच्या नवऱ्याच्या जाळ्यात सापडलेलं. कोणीतरी पोत्यात बांधून तळ्यात टाकलं होतं. तीन पिल्लं मेलेली, एक जिवंत. शेजारीण ते टोपलीत घालून घेऊन आली, "बाई, तुमच्यासाठी मासोळी आनली." काळी कुत्री. आयुष्यभर पाण्याला भ्यायली. पाऊस सुरू झाला की खाटेखाली. मास्तर गेले तेव्हा घर माणसांनी भरलं, मग रिकामं झालं, आणि ती तेवढी राहिली. पुढं तिचे डोळे गेले, माझे गुडघे गेले. दिवेलागणीला मी दारात उभी राहायची ती नुसती रीत म्हणून, कारण ती तर पायाशीच असायची. तरी मी यूऽऽ म्हणायचे आणि ती पायाशीच उठून उभी राहायची आणि दोन पावलं आत यायची. आल्यासारखं करायची.

एका पावसाच्या दुपारी ती खाटेखाली गेली आणि बाहेर आली नाही. बस, एवढंच. शेजारणीचा नवरा आता वाकला, त्यालाही खोदवेना. माती मऊ होती म्हणून निभलं. चैतातली माती असती तर आम्ही तिघं म्हातारे काय करणार होतो, देव जाणे.

पुढच्याच आठवड्यात शेजारीण परत टोपली घेऊन दारात. आत तपकिरी पिल्लू.

"हे घ्या. दिवाळीले तुमचा पोरगा येईल, त्याले दाखवा. जीतं कुत्रं असलं म्हंजे खोटं बोलाची पाळी नाई."

सगळ्या गावाला माहीत होतं तर.

"नको वो," मी म्हटलं.

"काऊन?"

"हे चौदा-पंधरा वर्षं जगलं तर? मी कुठी जगते तोवर? मग याले दिवेलागणीले कोण आत घेईल?"

"मी घेईन."

"तू माह्याहून मोठी आहेस."

"मराची लयच घाई करून राह्यल्या तुमी," ती म्हणाली. पण बसली. आम्ही दोघी त्या पिल्लाकडं पाहत बसलो. त्याचं पोट टम्म होतं. मला ते मांडीवर घ्यावंसं वाटलं, आणि वाटलं म्हणूनच घेतलं नाही. एका नव्या कुत्र्यापुरती मी आता उरले नव्हते. ती टोपली उचलून गेली. पिल्लू तिनंच ठेवलं.

आता राहिलं ते तीन पायांचं. त्याचं दुखणं मी इतके रविवार काढलं नव्हतं, कारण ते पोराचं कुत्रं होतं.

पोर दहावीत होता तेव्हाची गोष्ट. मोहफुलं वेचायला आम्ही पहाटे जायचो, शेजारीण, मी, आणि मागं हातात काठी घेऊन पोर. ही वेचायची हौसही माझीच. मास्तरांच्या बायकोनं मोह वेचायला जाऊ नये असं चार लोक म्हणाले, म्हणून मी मुद्दाम गेले. पहिल्याच दिवशी कमरेत अशी उसण भरली, की टोपली शेजारणीच्या डोक्यावर आणि मी पोराच्या खांद्यावर. तरी दुसऱ्या दिवशी परत गेले. अशी मी.

एका पहाटे झाडाखाली वाकलेलो असताना कण्हणं ऐकू आलं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रानडुकरासाठी कोणीतरी तारेचा फासा लावलेला, आणि त्यात एक पिवळं कुत्रं, मागचा डावा पाय तारेत. पाय काळा पडला होता. शेजारीण म्हणाली, "हे काई राहत नाई." पोरानं ऐकलं नाही. त्यानं सदरा काढून कुत्र्याच्या तोंडाला बांधला, तार सोडवली, आणि उघड्या अंगानं कुत्रं उचलून चालू लागला. मोहाची टोपली कॅरिअरवर बांधायची ती सुतळी त्यानं कुत्र्याला बांधली आणि सायकलनं गुरांच्या दवाखान्यात नेलं. पाय गेला. कुत्रं राहिलं.

त्या कुत्र्याची एक खोड होती. डावा कान खाजला की ते डाव्या पायानं खाजवायला जाई. पाय तर नाही. मग ते नुसतं थोटूक हवेत भराभर हलवी, कान तसाच खाजत राही, आणि ते चकित होऊन इकडंतिकडं पाही. पोर अभ्यास करता करता हात लांब करून त्याचा डावा कान खाजवून देई. पुस्तकावरून नजरही न काढता. वर्षभर मी ते पाहिलं.

पुढं पोर चंद्रपूरला कॉलेजला गेला. त्याच्या शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर कुत्र्याला साप चावला आणि ते गेलं. पोराला सांगायचं नाही असं मी ठरवलं. मास्तर दर पंधरवड्याला डबा घेऊन चंद्रपूरला जात. त्यांना खोटं बोलता येत नसे, म्हणून मी त्यांच्याकडून घरी पाठ करून घेतलं. "कुत्रं कसं आहे?" मी विचारायची. "मजेत आहे," ते म्हणायचे. "असं रडक्या तोंडानं नाही. हसून म्हणा." बिचारे एसटीत बसेपर्यंत ‘मजेत आहे, मजेत आहे’ करत जात. परीक्षा झाली, पोर आला, एसटीतून उतरला तो हातात ग्लुकोज बिस्किटांचे पुडे घेऊन. दारातूनच यूऽऽ म्हणाला. मी स्वयंपाकघरातून बाहेरच आले नाही. मास्तरांनी सांगितलं. बिस्किटं पोरानं फडताळात ठेवली आणि ती तिथंच मऊ झाली.

तर दिवाळीच्या आधीचा रविवार. पोर म्हणाला, गाडी सांगितली आहे, सामान बांधलं का. मी थकले होते. हाक ऐकून दुकानापर्यंत जाणं, खोटं रचणं, परत येणं, रिकाम्या घराची कडी काढणं, सगळ्यानंच थकले होते. नवीन दुखणं सुचेना. पोर विचारत होता, "आता कसं आहे ते?"

"कसं असणार," मी म्हटलं. "कान खाजते त्याचा. खाजवाले जाते अन् नुसतं थोटूक हलवते. मग मीच देते खाजवून, डावा."

मला वाटलं फोन कटला.

"आई," तो म्हणाला. "थोटूक?"

दुकानदारानं रेडिओ बंद केला. वाढवायचा सोडून बंद केला मेल्यानं.

"थे तर माहं कुत्रं होतं," पोर म्हणाला. नागपूरला गेल्यापासून त्यानं माझ्याशी गावचं ‘थे’ म्हटलं नव्हतं.

"हो."

"अन् काळी?"

"दसऱ्याच्या आधी गेली."

पोर मग म्हणाला, "तेव्हाही तू असंच केलं. मी बिस्किटं घेऊन आलो होतो."

"माहीत आहे मले."

"मग आता कायले? आता तर माही परीक्षा नाही."

आता मात्र सांगावंच लागलं. आयुष्यभर मी ‘नाही’ असं कधी तोंडावर म्हटलं नाही. नणंदेच्या मुलीच्या लग्नाला जायचं नव्हतं तर कुत्रं व्यालंय म्हणाले, आणि तेव्हा घरात होता तो कुत्रा. मास्तरांना कळायचं. मी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"मले यायचं नाही," मी म्हटलं.

"काय?"

"नागपूरले. मले यायचं नाही. कुत्रं असो का नसो. मी इथंच बरी आहे."

दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी होती. तीही हालली नाहीत.

"मग तसं सांगाचं ना," पोर म्हणाला. शेवटी तो माझाच पोर आहे. "त्या मेलेल्या जनावराले कायले इतकं आजारी पाडलं? जुलाबही लावले त्याले."

मी हसले. हसता हसता बाकावर बसावं लागलं. दुकानदारानं पाण्याचा पेला पुढं केला.

दिवाळीला पोर आला. एकटाच, गाडी घेऊन. सामान विचारलं नाही. पिशवीतून बिस्किटांचे पुडे काढले आणि म्हणाला, "चल, दाखव." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून पाळीवर चढले, तीन ठिकाणी थांबत. काळीची माती अजून ताजी दिसत होती, पण जुन्यांतलं कोणतं कुत्रं कुठं ते मलाही नक्की सांगता येईना. इतक्या पावसांनी सगळं सपाट करून टाकलं होतं. मी मोहाच्या झाडाखाली बोट दाखवलं, "तुझं इथं कुठीतरी." तो तिथं उकिडवा बसला. मी उभी राहिले, कारण बसले असते तर उठवायला दोघं लागले असते. शेजारणीचं तपकिरी पिल्लू आमच्या मागं आलं होतं. त्यानं बिस्किटं खाल्ली, आधी चोरून, मग उघड. पोरानं खाऊ दिली.

संध्याकाळी घरी परत आलो. पोर अंगणात उभा राहून तळ्याकडं पाहत होता. गल्लीत बाया दारांत आल्या आणि यूऽऽ यूऽऽ सुरू झालं. पिल्लू त्याच्या पायातून निघून शेजारणीकडं पळालं. एकेक कडी लागू लागली.

"आत ये," मी म्हटलं. "अंधार पडला."

"दोन मिनिटं, आई."

"आत ये म्हणते ना."

तो आला. मी कडी लावली.